कंपनी दुसऱ्या देशाच्या बाजारात निघाली, आता माझ्या शेअरचं काय?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. भागधारकांची पत्रं उघडायची, त्यांचे कागद तपासायचे आणि त्यांना समजेल अशा भाषेत उत्तर लिहायचं, याच कामात माझं नोकरीचं आयुष्य सरलं. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. वाचकांनी कळवलेली कंपन्यांची नावं मी गाळली आहेत. उत्तरांत आलेली उदाहरणं जगजाहीर व्यवहारांची आहेत.

प्रश्न : ताई, नोकरीत असताना कर्मचारी योजनेतून मला एका परदेशी कंपनीचे शेअर मिळत गेले. आता कंपनीचं जाडजूड परिपत्रक आलं आहे. मुख्य लिस्टिंग लंडनहून न्यूयॉर्कला नेणार म्हणतात. मुलगा म्हणतो, काही होत नाही, राहू दे. मेहुणे म्हणतात, कंपनी पळ काढते आहे, विकून मोकळी हो. परिपत्रक वाचून डोकं भणभणलं. माझे शेअर बुडणार का?

उत्तर : बुडणार नाहीत. कंपनीचा शेअर कोणत्या बाजारात घेता-विकता येईल, एवढंच लिस्टिंगने ठरतं. बाजार बदलला म्हणून कंपनीचे कारखाने, तिची देणी, तिचा नफा आणि त्यातला तुमचा वाटा बदलत नाही. मेहुण्यांना वाटतं तसं पळून जाणंही त्यात बहुधा नसतं. सीआरएच ही सिमेंट, खडी आणि डांबराच्या धंद्यातली आयरिश कंपनी. तिच्या कमाईचा सुमारे ७५ टक्के भाग उत्तर अमेरिकेतून यायला लागला होता. २५ सप्टेंबर २०२३ रोजी तिने मुख्य लिस्टिंग लंडनहून न्यूयॉर्कला नेलं आणि डब्लिनचा बाजार सोडला. जिथे धंदा, तिथे बाजार, असा साधा हिशोब होता.

पण मुलाचं 'काही होत नाही' हेही मला पटत नाही. नेमकं काय हलतं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. शेअर विकला जातो तो बाजार एक. ज्या देशाच्या कायद्याखाली कंपनी नोंदलेली आहे, तो देश दुसरा. आणि करासाठी ती जिथली रहिवासी धरली जाते, तो तिसरा. हे तिन्ही एकच असले पाहिजेत असं मुळीच नाही. लिंडे ही औद्योगिक वायू बनवणारी कंपनी घ्या. नोंदणी आयर्लंडमध्ये, करनिवास ब्रिटनमध्ये, आणि शेअरचे व्यवहार न्यूयॉर्क व फ्रँकफर्टमध्ये. मार्च २०२३ पासून तिने फ्रँकफर्ट सोडलं. बाजार एकाने कमी झाला. ती आयरिश कंपनीच राहिली आणि करही ब्रिटनच्याच नियमाने राहिला.

आता फर्ग्युसन बघा. नळ, पाइप आणि तत्सम सामान पुरवणारी ही कंपनी दोन टप्प्यांत गेली. मे २०२२ मध्ये मुख्य लिस्टिंग लंडनहून न्यूयॉर्कला गेलं, पण नोंदणी ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावरचीच राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेली नवी कंपनी सगळ्यांत वर बसवली गेली आणि जुन्या एका शेअरला नवा एक शेअर देण्यात आला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही बातम्या सारख्याच वाटतील. भागधारकाच्या दृष्टीने मात्र दुसरी बातमी पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. पहिल्या टप्प्यात फक्त बाजार बदलला. दुसऱ्या टप्प्यात कायदा बदलला आणि लाभांशावरच्या कराचा नियमही. तुमच्या परिपत्रकात आधी हे शोधा की हा पहिला प्रकार आहे की दुसरा.

अख्खं परिपत्रक वाचायची गरज नाही. अध्यक्षांच्या पत्रात कंपनीचा फायदा सांगितलेला असतो. तुमचं काम दुसरीकडे आहे. सुरुवातीच्या पानांत 'अपेक्षित वेळापत्रक' नावाचा तक्ता असतो. मतपत्रिका पोचण्याची शेवटची वेळ, सभेचा दिवस, जुन्या बाजारातला शेवटचा व्यवहार, नव्या बाजारातला पहिला व्यवहार, सगळं त्यात ओळीने असतं. त्या तारखा कॅलेंडरवर लिहून टाका. मग प्रश्नोत्तरांच्या भागात जा. 'मी काहीच केलं नाही तर काय होईल?' अशा अर्थाचा प्रश्न तिथे बहुधा असतोच. त्याच्याखालचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा, हवं तर मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. कधी उत्तर असतं की शेअर आपोआप नव्या बाजारात चालू लागतील. कधी असतं की तुमच्या वतीने एखादी संस्था ते धरून ठेवेल आणि तुमच्याकडे त्यांवरच्या हक्काची नोंद राहील. आणि कधी, विशेषतः ज्या देशांतल्या लोकांना नवे शेअर देणं कायद्याने अडचणीचं असतं त्यांच्यासाठी, उत्तर असतं की तुमचे शेअर विकून पैसे पाठवले जातील. हा तिसरा प्रकार मला सगळ्यांत काळजीचा वाटतो. विक्री तुमच्या सवडीने होत नाही, भाव त्या दिवशीचा मिळतो, आणि कराच्या दृष्टीने ती खरीखुरी विक्रीच धरली जाण्याची शक्यता असते. ब्रोकरकडचे शेअर आधीच दुसऱ्या देशात हलवून किंवा स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी विकून यातून पुष्कळदा वाट काढता येते, पण त्यासाठी मुदतीआधी जाग यायला हवी.

आणखी एक. लिंडेच्या वेळी जुन्या शेअरच्या जागी नवा शेअर आला आणि त्याला नवा आयएसआयएन क्रमांक, म्हणजे जगभर तो शेअर ओळखण्याचा क्रमांक, मिळाला. अशी अदलाबदल होते तेव्हा ब्रोकरच्या पडद्यावर जुन्या ओळीत शून्य दिसतं, नवी ओळ उगवायला वेळ लागतो, आणि उगवली तरी तिच्यात खरेदीचा भाव कोरा असू शकतो. मला येणारे सर्वाधिक घाबरलेले फोन याच दिवसांतले असायचे. शेअर कुठे गेलेले नसतात. मात्र अदलाबदलीच्या आधीचं विवरणपत्र छापून जपून ठेवा. कर्मचारी योजनेत दर खेपेला भाव वेगळा असतो, आणि पुढे विकताना नफ्याचा हिशोब त्या जुन्या भावांवरच करावा लागेल. तो भाव सिद्ध करणारा कागद नंतर मिळवणं म्हणजे महिनोन् महिन्यांची पत्रापत्री.

विकायचे की नाहीत, हे कंपनीचा धंदा पाहून ठरवा. बाजार बदलला एवढ्या एका कारणाने विकू नका.

प्रश्न : न्यूयॉर्कला गेलं की शेअरला जास्त भाव मिळतो असं सगळे सांगतात. एखादी कंपनी जाणार अशी कुणकुण लागताच तिचे शेअर घेऊन ठेवावेत का?

उत्तर : एवढ्यासाठी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकी बाजारातल्या कंपन्यांना नफ्याच्या मानाने जास्त भाव मिळतो हे खरं, पण त्यात तिथल्या तंत्रज्ञान कंपन्यांचा मोठा हात आहे. सिमेंटच्या कंपनीची तुलना सिमेंटच्या कंपनीशीच केली, तर तो फरक बराच आटतो.

भावावर खरा आणि तात्काळ परिणाम होतो तो निर्देशांकाचा. मुख्य लिस्टिंग गेलं की त्या देशाच्या निर्देशांकातून नाव गळतं, आणि तो निर्देशांक धरून चालणाऱ्या फंडांना शेअर विकावेच लागतात, मग कंपनी त्यांना कितीही आवडत असो. नव्या देशातला निर्देशांक दार लगेच उघडतो असंही नाही. सीआरएच २०२३ मध्ये लंडनच्या एफटीएसई १०० या निर्देशांकातून बाहेर पडली; अमेरिकेच्या एस अँड पी ५०० मध्ये तिला प्रवेश मिळाला डिसेंबर २०२५ मध्ये. मधली दोन वर्षं एका घरातून बाहेर आणि दुसऱ्या घराच्या उंबऱ्याबाहेर, अशी गेली. या काळात तिचा भाव चांगला राहिला, पण त्याचं श्रेय पत्त्यापेक्षा तिच्या धंद्याला जास्त जातं.

लिंडेचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. ती जर्मनीच्या डॅक्स निर्देशांकात एवढी मोठी झाली होती की एका कंपनीला तेव्हा असलेली १० टक्क्यांची मर्यादा ती पुन्हा पुन्हा गाठायची, आणि दर वेळी फंडांना तिचे शेअर कमी करावे लागायचे. भाव चढला म्हणून विक्री! कंपनीच्या मते या बंधनाने शेअरचा भाव दबत होता, आणि भागधारकांनी जानेवारी २०२३ मध्ये फ्रँकफर्ट सोडायला मंजुरी दिली.

आणि सगळे रस्ते न्यूयॉर्कलाच जातात असं नाही. टुई या पर्यटन कंपनीने २०२४ मध्ये लंडन सोडून फ्रँकफर्ट धरलं, कारण तिच्या शेअरची बहुतेक उलाढाल आधीपासून जर्मनीतच होत होती. बीएचपी या खाण कंपनीचे लंडन आणि सिडनी असे दोन वेगळे शेअर होते. दोन्हींना लाभांश सारखाच, तरी लंडनचा शेअर बराच स्वस्त. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन्ही एक करायचं जाहीर झालं तशी ती दरी कमी झाली, आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस सिडनी हे एकच मुख्य घर उरलं. लंडनवाल्यांना इथे खराखुरा फायदा झाला, पण तो घोषणेच्या वेळी ज्यांच्या हातात शेअर होते त्यांना. घोषणेनंतर धावत आलेल्यांच्या वाट्याला फारसं काही उरलं नाही.

चलनाबद्दलही बरेच जण विचारतात. भाव आता डॉलरमध्ये दिसेल म्हणून डॉलरची जोखीम नव्याने अंगावर आली, असं होत नाही. कंपनी कमावते डॉलरमध्ये, तर तिची किंमत पौंडात लिहिली काय किंवा डॉलरमध्ये लिहिली काय, तुमची खरी जोखीम डॉलरचीच होती; पौंडातल्या भावामागे ती झाकलेली होती. बदलतो तो खर्च. प्रत्येक विक्रीवर आणि प्रत्येक लाभांशावर ब्रोकर चलन बदलण्याचा आकार घेत असेल, तर तो किती आहे हे आत्ताच विचारून घ्या. दुसऱ्या बाजूने काही खर्च वाचतोही. ब्रिटिश कंपनीचा शेअर घेताना अर्धा टक्का मुद्रांक शुल्क पडतं. अमेरिकी कंपनीच्या शेअरवर तसं शुल्क नाही.

प्रश्न : सासऱ्यांच्या नावाची कागदी प्रमाणपत्रं कपाटात आहेत. ते आता नाहीत. कंपनीने लिस्टिंग अमेरिकेला हलवायचं ठरवलं आहे. हे कागद रद्दी होणार का? घाई आहे का?

उत्तर : आहे, आणि या अंकात घाई करा असं मी फक्त तुम्हालाच सांगते आहे.

अमेरिकी बाजारातले बहुतेक शेअर एका मध्यवर्ती डिपॉझिटरीत, तिच्या नॉमिनीच्या, म्हणजे नावापुरत्या धारकाच्या, नावावर ठेवलेले असतात. ब्रोकर आपल्या वहीत तुमचं नाव लिहितो. कागदी प्रमाणपत्र त्या व्यवस्थेत बसत नाही. म्हणून स्थलांतराच्या दिवशी जुनी प्रमाणपत्रं हक्काचा पुरावा म्हणून बहुधा निकामी होतात आणि त्यांच्याऐवजी रजिस्ट्रारच्या, म्हणजे भागधारकांची यादी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदवहीत कागदाविना नोंद राहते. मालकी जात नाही. पण ती नोंद सासऱ्यांच्या नावावर, त्यांच्या जुन्या पत्त्यावर असेल, तर पुढची सगळी पत्रं त्याच पत्त्यावर जातील आणि परत येतील.

मग दोन अडचणी उभ्या राहतात. अमेरिकी रजिस्ट्रार नाव बदलताना सहीवर एक खास हमीचा शिक्का मागतात, ज्याला तिकडे मेडॅलियन म्हणतात. तो तिथल्या बँका आणि ब्रोकर त्यांच्या ओळखीच्या ग्राहकालाच देतात. अमेरिकेत खातं नसलेल्या वारसाने तो आणायचा कुठून? या एका शिक्क्यापायी अडकलेल्या फायली मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या माणसांची दमछाकही. दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे. अमेरिकी राज्यांच्या कायद्यानुसार, मालकाचा काही वर्षं संपर्कच नसेल तर ती मालमत्ता बेवारस समजून राज्याकडे सोपवली जाते, आणि शेअर तिथे पुष्कळदा विकले जातात. नंतर दावा करता येतो, पण हातात येते ती विक्रीच्या दिवशीची रक्कम.

म्हणून वारसाहक्काचं काम जुन्या रजिस्ट्रारकडे, त्याच्या सवयीच्या नियमांनुसार, स्थलांतराच्या आधी सुरू करा. प्रमाणपत्राच्या वरच्या कोपऱ्यात प्रमाणपत्र क्रमांक असतो, जवळच भागधारकाचा खाते क्रमांकही. दोन्ही पत्रात लिहा. मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारं न्यायालयाचं कागदपत्र लागेल. न वटवलेले लाभांशाचे धनादेश सापडले तर तेही जोडा. कंपनीकडे पडून असलेली रक्कम त्यावरूनच निघते. आणि अदलाबदल झाल्यावरही कागद फाडू नका. नोंदीत तफावत निघाली, तर तेच एकमेव जुनं साक्षीदार असतील.

प्रश्न : लाभांशावर जास्त कर कापला जाईल का?

उत्तर : नुसतं लिस्टिंग हललं तर नाही. कापणी ठरते ती कंपनी कुठली करदाती आहे यावरून. ब्रिटन साधारण लाभांशावर मुळात कर कापतच नाही. त्यामुळे लिंडेचा शेअर अमेरिकी बाजारात घेतला तरी ब्रिटनकडून कापणी शून्य. फर्ग्युसनसारखी कंपनी स्वतःच अमेरिकी झाली की परदेशी भागधारकाच्या लाभांशातून ३० टक्के जातात. तुमच्या देशाचा अमेरिकेशी करार असेल तर दर कमी होतो, पण आपोआप नाही. त्यासाठी ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरलेला हवा. त्याची मुदत सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या शेवटी संपते, मग तो पुन्हा भरायचा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मला सांगावंसं वाटतं ते मृत्यूनंतरच्या कराबद्दल. अमेरिकेचा रहिवासी किंवा नागरिक नसलेल्या माणसाच्या नावे ६०,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीची अमेरिकेतली मालमत्ता असेल, तर त्याच्या पश्चात तिच्यावर वारसा कर लागू शकतो आणि त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. काही देशांच्या करारांत सवलत आहे. आता यात महत्त्वाचं काय, तर अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीचा शेअर हा या मालमत्तेत धरला जातो, तो जगातल्या कुठल्याही बाजारात विकत घेतलेला असो. आणि न्यूयॉर्कला विकला जाणारा आयरिश कंपनीचा शेअर धरला जात नाही. म्हणजे बाजार बदलल्याने काही बिघडत नाही, पण कंपनीची नोंदणी डेलावेअरला गेली की तुम्ही बोटही न हलवता तुमची ठेव या कायद्याखाली येते. मोठी रक्कम एकाच अशा कंपनीत असलेल्या वयस्क वाचकांनी हा मुद्दा कर सल्लागारासमोर जरूर मांडावा.

प्रश्न : माझ्या चारशे शेअरच्या मताने काय फरक पडतो? मोठे फंड ठरवतात तेच होतं ना?

उत्तर : फंडही शेवटी भागधारकच, आणि ते नेहमी व्यवस्थापनाच्या बाजूने असतात असं नाही. युनिलिव्हरने २०१८ मध्ये लंडन आणि रॉटरडॅम अशी दोन मुख्यालयं एक करून कंपनी रॉटरडॅमला न्यायचं ठरवलं होतं. ब्रिटिश बाजूची ७५ टक्के मतं लागणार होती. एफटीएसई १०० मधून नाव गेलं की आपल्याला शेअर विकावे लागतील, असं म्हणत तिथल्या मोठ्या भागधारकांनी विरोध केला आणि ५ ऑक्टोबरला योजना मागे घेतली गेली. दोन वर्षांनी कंपनी एक झाली खरी, पण लंडनमध्ये.

मत देण्याची संधीच मिळत नाही तेव्हा मात्र सावध व्हा. २०२५ मध्ये जेम्स हार्डी या बांधकाम साहित्याच्या कंपनीने अझेक ही अमेरिकी कंपनी सुमारे ८७५ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. त्यासाठी मोठ्या प्रमाणात नवे शेअर काढले आणि मुख्य बाजार न्यूयॉर्क करायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या बाजाराने नियमातून सूट दिल्यामुळे या खरेदीवर भागधारकांचं मतदान झालंच नाही. लोक इतके संतापले की त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सभेत अध्यक्षच पुन्हा निवडून आल्या नाहीत. नवा बाजार भागधारकाला कोणत्या गोष्टीवर मत देऊ देतो आणि कोणत्या नाही, हा लिस्टिंग हलवण्यातला सगळ्यांत कमी चर्चिला जाणारा भाग आहे. मोठी खरेदी, नवे शेअर काढणं, संचालकांचे व्यवहार यांवरचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि परिपत्रकात जुन्या-नव्या हक्कांची तुलना करणारं एक कंटाळवाणं प्रकरण असतं ते याचसाठी.

आणि जुना बाजार सुटला पण नवा हाताशीच नाही, असा ठराव आला तर चारशे शेअरवाल्यानेसुद्धा मत द्यावं. दीदी या चिनी टॅक्सी-सेवा कंपनीचा शेअर ३० जून २०२१ रोजी न्यूयॉर्कला १४ डॉलरने आला. चिनी नियामकांची चौकशी लागली, आणि जून २०२२ मध्ये कंपनीने तो बाजार सोडला तेव्हा भाव तीन डॉलरच्या खाली होता. हाँगकाँगचं लिस्टिंग तोवर झालेलं नव्हतं. शेअर ब्रोकरांच्या आपसातल्या बाजारात विकता येत होते, पण कित्येक मोठ्या फंडांना तसा शेअर ठेवायचीच परवानगी नसते.

तुमचे शेअर ब्रोकरच्या नॉमिनी खात्यात असतील तर मतपत्रिका तुमच्याकडे येणारही नाही. ब्रोकरला लेखी सांगावं लागतं, आणि त्याची मुदत कंपनीच्या मुदतीच्या काही दिवस आधीच संपते. परिपत्रक हातात पडल्याच्या दिवशीच ती तारीख विचारून घ्या.